पाणी न धरणारी माती

भात पिकवणाऱ्या माणसाला ‘ह्याला पाणी कमी लागतं’ असं कुणी सांगितलं, तर तो मान डोलावतो, पण मनातून विश्वास ठेवत नाही. लोधिवलीच्या मोतीबाईचं तसंच होतं. उभा जन्म तिनं खाचरातल्या चिखलात काढला. बांध फुटून पाणी वाहून चाललेलं दिसलं, की शेत दुसऱ्याचं का असेना, ती पदर खोचून आधी बांध घालायची आणि मग मालकाला हाक मारायची. पाणी अडवणं हीच तिची सगळी विद्या. अशा बाईच्या पोटी धनेश जन्मला आणि त्यानं नाद लावून घेतला तो सक्युलंटचा. म्हणजे ती जाड पानांची, बोटभर उंचीची झाडं, जी पंधरा-पंधरा दिवस पाण्याचं नाव काढत नाहीत. देवालाही अधूनमधून थट्टा सुचते.

धनेश साजगावच्या एका कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी गावातली पोरं क्रिकेटच्या सामन्यांना जायची, हा मागच्या पडवीत गोणपाट अंथरून माती कालवत बसायचा. माती कसली, त्यात माती शोधायला भिंग लागलं असतं. जाड रेती, वीटभट्टीवरून आणलेल्या तुटक्या विटांचा चुरा, थोडा कुटलेला कोळसा, आणि वरून चमचाभर गांडूळखत, तेसुद्धा श्रीखंडात केशर घालावं इतक्या जपून.

मोतीबाई दारात उभी राहून बघायची. “रं धनू, येवढ्यात पोट भरंल का त्यांचं? मूठभर शेण तरी टाक.”

“आई, ही लाडाची पोरं नाय. हाल सोसून वाढल्यात. लाड केलेस की मरतील,” धनेश म्हणायचा. ती तांब्या घेऊन जवळ आली, की तो कुंडीवर दोन्ही हात आडवे धरायचा. त्याची बायको समिधा स्वयंपाकघरातून हे ऐकून हसायची. तिचं माहेर कर्जतचं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि मायलेकाचं हे भांडण तिच्या करमणुकीचं साधन होऊन बसलं होतं. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी द्यायचं, हे त्यानं तिला शिकवलं होतं. आईला शिकवायच्या भानगडीत तो पडला नाही.

नवरात्रात धनेश गेला. पहिली पाळी संपवून घरी येताना ट्रेलरला चुकवायला गेला आणि मोटरसायकल दुभाजकावर आदळली. वरून फारसं लागलेलं दिसत नव्हतं, सगळा मार पोटात होता. ऑपरेशनसाठी आत नेलं आणि तो बाहेर आला नाही. सांगण्यासारखं एवढंच होतं, पण भेटायला येणारा प्रत्येक जण ते पहिल्यापासून विचारायचा, आणि समिधा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची.

तेराव्यानंतर माणसं पांगली. घरात दोघीच उरल्या. मोतीबाईचा नवरा धनेश लहान असतानाच वारला होता, त्यामुळे रिकाम्या घराशी तिची ओळख जुनी होती. समिधाची नव्हती. तिचा भाऊ राजेश कर्जतहून येऊन “चल आता घरी” असं सांगून गेला. तिचं काही ठरत नव्हतं. मूल झालं नव्हतं. सदऱ्यांना त्याचा वास होता, तोही उडत चालला होता. पडवीतल्या कट्ट्यावरच्या कुंड्यांत मात्र त्यानं लावलेली झाडं होती, त्यानं कालवलेल्या मातीत, त्यानं ठरवलेल्या उन्हात. ती झाडं नवं पान काढत होती. जोवर ती पानं काढतायत तोवर धनेश सगळाच्या सगळा गेलेला नाही, असं समिधाला वाटायचं. वेडेपणा होता हे तिलाही कळत होतं, पण दुसरं धरायला काही नव्हतं. ती झाडं जगवायची, एवढंच तिनं ठरवलं होतं.

आणि मोतीबाई रोज सकाळी तांब्या भरून त्यांच्याजवळ यायची.

पहिल्यांदा समिधानं गोडीनं सांगितलं. “आई, नका ना घालू. तेच नव्हते का सांगत, पाणी नको म्हणून?” मोतीबाई “बरं गं” म्हणायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा कुंड्यांतून थेंब गळत असायचे. आयुष्यभर ज्याचं ऐकलं नाही त्याचं निदान आता तरी ऐकावं, असं समिधाच्या मनात यायचं आणि ती ते गिळायची.

भातं कापून झाली तेव्हा समिधा एक दिवस कर्जतला जाऊन आली. परत येऊन बघते तो कट्टा सारवल्यासारखा स्वच्छ आणि सगळ्या कुंड्या काळ्याभोर मातीनं काठोकाठ भरलेल्या. मोतीबाईनं आपल्या सगळ्यात चांगल्या खाचरातली माती घमेल्यानं डोक्यावरून आणली होती. तीत कुजलेलं शेणखत आणि राबासाठी जाळलेल्या पालापाचोळ्याची राख मिसळून, पाण्यानं मऊ करून, एकेक झाड तिनं अंगठ्यानं दाबून लावलं होतं, भाताचं आवण, म्हणजे रोपं, चिखलात लावतात तसं. धनेशची रेती आणि विटांचा चुरा उकिरड्यावर पडला होता.

“बग कशी बसवल्यात,” ती म्हणाली. “आपल्या शेताची माती हाय. ह्या मातीनं त्याला वाढवला.”

धनेश गेल्यापासून सासूच्या चेहऱ्यावर समिधानं पहिल्यांदा थोडा उजेड बघितला होता. ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला नंतर फार वाटलं.

आठवडाभर झाडं अशी फुगली, की मोतीबाईनं शेजारच्या इंदूबाईला बोलावून दाखवली. पानं तुकतुकीत झाली, गुटगुटीत झाली. मग खालची पानं पिवळी पडून काचेसारखी आरपार दिसायला लागली. हात लावला की गळून पडायची आणि बोटाला चिकट पाणी लागायचं. बुंध्याशी काळा डाग चढायचा आणि एका सकाळी झाड आडवं झालेलं असायचं. समिधा ते उचलून परसात पुरायची. फेकवत नव्हतं तिला. मोतीबाई बघत असायची, आणि उरलेल्यांना पाणी घालायची.

उरली अगदी मोजकी तेव्हा समिधानं ती कट्ट्यावरून उचलली. आपल्या खोलीच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. सासूपासून दार लावून घ्यायची ही तिची पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीहून आली तर दार उघडं होतं. मोतीबाई ग्रिलपाशी उभी होती, तांब्या कलता धरून. कुंडी तुडुंब भरली होती आणि झाडाच्या भोवती पाणी साचलं होतं, अगदी खाचरात साचतं तसं.

समिधाच्या डोक्यात सणक गेली. “तुमी मारताय ही झाडं,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं मारताय. त्यांचं एवढंसं उरलं होतं, तेही तुमी ठेवणार नाय.”

मोतीबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं खिडकीतलं सांडलेलं पाणी टिपलं आणि बाहेर गेली. दुपारी ती जेवायला आली नाही. समिधानं ताट वाढून ठेवलं, झाकलं, परत उघडून बघितलं. राग उतरला होता आणि त्या जागी लाज येऊन बसली होती. शेवटी ती मागच्या पडवीत गेली. मोतीबाई रिकाम्या कट्ट्याला टेकून जमिनीवर बसली होती.

“आई, जेवायला चला. चुकलं माझं.”

“तुजं काय चुकलं,” मोतीबाई म्हणाली. “खरंच बोललीस. मला काय दिसत नाय व्हय गं, झाडं मरतात ती? डोळं हायत मला. पन तांब्या भरल्याबिगर ऱ्हावत नाय.”

समिधा तिच्याजवळ बसली. मोतीबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलायला लागली, तेही कट्ट्याला सांगितल्यासारखं.

“तू रक्ताच्या पिशव्या आनायला धावली व्हतीस. मी त्याच्या उशाशी. डागदर सांगून गेला, ऑपरेशन हाय, तोंडात कायच घालू नका. आनि ह्यो मला बोलतोय, आई, पानी. मी बोलले, थांब रं बाळा. परत बोलतोय, घोटभर दे गं. बाटली माज्या पिशवीत व्हती. हात घातला मी पिशवीत आनि परत काढला. ओठ नुसतं पांढरं पडलेलं. मी बोलले, डागदर वरडंल. असं बोलले मी त्याला. मग त्यानं तोंड पलीकडं फिरवलं. मंग नेला आत.”

समिधाला हे माहीत नव्हतं. एवढ्या दिवसांत एकाच घरात, एका चुलीवरचं जेवून, तिला हे माहीत नव्हतं.

“दहाव्याला कावळा शिवंना, आठवतं?” मोतीबाई म्हणाली.

आठवत होतं. पाताळगंगेच्या काठी पिंड मांडून सगळे उभे होते आणि कावळे झाडावरून हलत नव्हते. मेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय, ते कबूल केल्याशिवाय कावळा शिवत नाही, म्हणून जो तो पुढं होऊन सांगत होता. चुलतभाऊ चांगो म्हणाला, आईला सांभाळू. राजेश म्हणाला, समिधाला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, घर बांधायचं राहिलंय ते पुरं करू. ऊन चढत चाललं होतं. मग मोतीबाई पुढं गेली होती, पिंडाजवळ वाकून काहीतरी पुटपुटली होती, आणि ती मागं सरते न सरते तोच एक कावळा खाली उतरला होता. काय सांगितलंस, असं बायकांनी तिला किती विचारलं. तिनं सांगितलं नव्हतं.

“मला ठावं व्हतं त्याला काय पायजे,” मोतीबाई म्हणाली. “मी बोलले, पानी देन बाळा. रोज देन. तुज्या झाडांना एक दिस तहानेलं ठेवनार नाय. तवा शिवला. आता तू सांग, कशी नाय देऊ?”

समिधाला रडू आवरलं नाही. दोघी त्या कट्ट्याला टेकून पुष्कळ रडल्या. धनेश गेल्यापासून त्या एकमेकींसमोर रडायचं टाळत होत्या, ते त्या दुपारी टळलं नाही. मग समिधानं सासूला उठवलं आणि गार झालेलं जेवण गरम करून दोघी जेवल्या.

समिधा कुंभिवलीला गेली ती दुसऱ्या दिवशी. हायवेला लागून कमलेशची नर्सरी होती, धनेश झाडं घ्यायला नेहमी तिथंच जायचा. कमलेश तिला ओळखत होता. त्यानं स्टूल पुढं केलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं नाही, हे तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, सक्युलंटसाठी कोणती माती घेऊ?

कमलेशनं ठरलेलं सांगायला सुरुवात केली. निम्मी रेती, पंधरवड्यातून एकदा पाणी.

“पंधरवड्यातून नाही,” समिधा म्हणाली. “रोज सकाळी. तांब्याभर. ते थांबवता येणार नाही. रोज पाणी घातलं तरी झाड मरणार नाही, अशी माती पाहिजे मला.”

कमलेशनं तिच्याकडे बघितलं. का म्हणून त्यानं विचारलं नाही. “मग वहिनी, माती नकोच,” तो म्हणाला. “माती म्हटलं की ती पाणी धरणार. बारीक खडी घ्या, धुऊन. विटांचा जाड चुरा घ्या, पण चाळून त्यातलं पीठ काढून टाका, नाहीतर तेच तळाला बसून चिखल होतो. थोडा कोळसा. प्लास्टिक नको, मातीच्या कुंड्या घ्या, भोक मोठं करा आणि खाली विटेचे दोन तुकडे लावून उचलून ठेवा. वरून घातलं की खालून गेलं पाहिजे, थांबताच कामा नये.”

“आणि खत?”

“शेण, पेंड, गांडूळखत, यातलं काही नको. ते ओल धरून बसतं आणि मुळं नासतात. पण रोजच्या पाण्यानं असलेलं बळही धुपून जाणार, उपाशी राहील झाड. हे दाणे न्या, हळूहळू सुटणारे. एका कुंडीला चिमूटभर, बस. जास्त प्रेम करायचं नाही.”

“जगेल?”

“थंडीत, उन्हाळ्यात जगेल. पावसाळ्याचं मी बोलत नाही.”

समिधाला तेवढं पुरे होतं. झाडं काय, माणसं काय, पावसाळ्यापुढचं कोण बोलतं. ती टेंपोवाल्याला विनवून गोण्या आणि मातीच्या कुंड्या घेऊन घरी आली.

झाडं तिनं चिखलातून सोडवली, मुळं धुतली, बुंध्याचा काळा भाग सुरीनं कापला. जखम सुकेपर्यंत त्यांना कोरडंच ठेवायचं होतं. वर्तमानपत्रावर ती उघड्या मुळांनी पडली होती आणि मोतीबाई त्यांच्याकडे बघत नव्हती, दुसऱ्याच्या घरात नजर टाळावी तशी. “दोन-तीन दिवस आई, मग रोज घाला. शब्द माझा,” समिधानं सांगितलं. मोतीबाईनं ऐकलं. पण तेवढे दिवस तिनं स्वतःच्या तोंडालाही पाणी जवळजवळ लावलं नाही, हे समिधाला उशिरा कळलं. भाकरीचा कोरडा तुकडा चावून ती उठायची. समिधानं भांडं पुढं केलं तर म्हणायची, तहान नाय गं.

चुरा चाळायला मोतीबाई आपणहून बसली. चाळणीला तिच्या हाताची सवय होती, तांदळाच्या कण्या काढाव्या तसं तिनं विटेचं पीठ वेगळं काढलं. साडी लाल झाली, पापण्या लाल झाल्या. “ह्याला माती बोलतात?” ती म्हणाली. “ही तर रस्त्याची खडी. ह्यात दगड तरी उगवंल का?” आणि तिला हसू आलं, मग हसल्याचं वाईट वाटून ती पुन्हा चाळायला लागली. समिधानं खापरीचा तुकडा भोकावर तिरका ठेवला, खडी घातली, झाड मधोमध उभं केलं, चिमूटभर दाणे टाकले. दाबून लावलं नाही. सैल ठेवलं. कट्ट्यावर विटांचे तुकडे मांडून त्यावर कुंड्या ओळीनं ठेवल्या आणि दार आता ओढून घ्यायचं नव्हतं, म्हणून तिला किती हलकं वाटलं.

सकाळी मोतीबाई आंघोळ करून, केस बांधून आली. तांब्या घासलेला होता. ती पहिल्या कुंडीशी थांबली. “मरनार नाय ना गं?”

“नाय आई. घाला तुमी.”

तिनं तांब्या कलता केला. पाणी झाडाच्या भोवती पडलं आणि खडीत दिसेनासं झालं. समिधा तिच्या खांद्यामागं उभी होती. आपण जमवलं, असं तिच्या मनात आलं. धनेशची झाडं राहतील आणि आईचा शब्दही राहील. एवढ्यात कुंडीखालून धार लागली. कट्ट्यावरून पाणी ओघळलं, खाली उतरलं आणि मोतीबाईच्या पायांशी आलं. मोतीबाई वाकली. कुंडीखाली हात धरून तिनं ते पाणी ओंजळीत घेतलं. हातभर बांध घालून जन्मभर पाणी अडवलेली बाई ती, पाणी निघून चाललेलं तिला कळायला वेळ लागला नाही.

“समिधा, हा समदं सोडून देतोय. घेतच नाय.”

“घेतलं आई,” समिधा घाईनं म्हणाली. “लागतं तेवढं घेतलं त्यानं. बघा हात लावून, ओलं लागेल.”

मोतीबाईनं खडीत बोट घातलं. विटांचे कण नुसते ओलावले होते.

“येवढंच?”

“एवढंच पुरतं त्याला. एवढ्यानं तहान भागते. जास्तीचं नकोच असतं.”

समिधानं ते दिलासा म्हणून सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. मोतीबाई ओल्या बोटाकडे बघत राहिली. मग ते बोट तिनं आपल्या ओठांवरून फिरवलं, एकदा इकडून आणि एकदा तिकडून, आणि थांबली.

“मंग त्या दिशी बी येवढंच पुरलं असतं ना गं?” ती म्हणाली. “डागदरला कळलं बी नसतं.”

इतके दिवस मोतीबाईच्या मनात घोट होता, बाटली होती, डॉक्टरचा हुकूम मोडायचा होता, आणि ते तिच्यानं झालं नसतं असं स्वतःला सांगायची सोय होती. समिधानं निवडून, चाळून, धुऊन जी माती केली, त्या मातीनं आज दाखवलं होतं की किती थोडं पुरलं असतं.  मोतीबाई उत्तराची वाट बघत समिधाकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या हातातला तांब्या अजून अर्धा भरलेला होता.